प्रबोधनाच्या नोट्स, धम्मशीलासाठी

जानेफळ
२० ऑक्टोबर २०२४

धम्मशीला,

तुझा फोन पोळ्यापासून लागत नाही. आधी वाटलं, नांदुऱ्याला रेंज नसेल. मग माझं मलाच कळलं, रेल्वेच्या गावाला रेंज नसायला काय झालं. म्हणून पत्र. तुझ्या मामाचा पत्ता पुष्पांजली मॅडमनी कॉलेजच्या फॉर्मवरून काढून दिला.

सोबत युरोपच्या इतिहासाच्या नोट्स आहेत. ऑगस्टपासून तू वर्गात नाहीस आणि परीक्षेचा फॉर्मही तू भरला नाहीस, हे मला ऑफिसात कळलं. पुढच्या वर्षी बाहेरून बसशील तेव्हा उपयोगी पडतील. प्रकरण पहिलं, प्रबोधन. सुरुवातीच्या तासांना तू होतीस, तरी मी सगळं पहिल्यापासून उतरवलंय. पेपरला लागतं ते चौकटीत केलंय. मॅडम बोलता बोलता इतर जे सांगतात ते खाली बारीक अक्षरात.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं, प्रबोधन म्हणजे जागं होणं. मी विचारलं, मॅडम, मग आधी कोण झोपलं होतं? वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शेतावरची माणसं तेव्हाही पहाटेच उठत होती. जागे झाले असं आपण म्हणतो ते ज्यांना बसून विचार करायला सवड होती त्यांच्याबद्दल. हे पेपरात लिहू नका, पण विसरूही नका."

पुस्तकात लिहिलंय की या काळात माणूस विचाराच्या केंद्रस्थानी आला. त्याला मानवतावाद म्हणायचं. दहा मार्कांचा हमखास प्रश्न आहे. मी पाठ करत होते तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "कोनता मानूस?" मी म्हटलं, असाच, कोणताही. ती म्हणाली, "असा कोनताई मानूस नसते." आणि तवा पुसायला लागली.

आमच्याकडे सोयाबीन निघालं. शेततळं काठोकाठ भरलंय. मेहकरच्या गाडीत तुझी खिडकीची जागा मी रोज बॅग ठेवून धरते, मग कंडक्टर उचलायला लावतो.

तू आमच्या दारात आली होतीस त्या दिवसाबद्दल लिहायचं होतं. पुढच्या पत्रात लिहीन. काका-काकूंना जयभीम सांग.

राखी


जानेफळ
१० नोव्हेंबर २०२४

धम्मशीला,

दिवाळी झाली. उत्तर नाही. मी वाटही पाहिली नाही असं लिहिणार होते, पण पोस्टमन दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी अंगणात होते.

या वेळी चित्रकलेच्या नोट्स. प्रबोधनाच्या आधी युरोपात जी चित्रं काढत, त्यात जो मोठ्या मानाचा तो आकारानंही मोठा. राजा मोठा, नोकर त्याच्या गुडघ्याएवढा, मग तो नोकर अगदी पुढं उभा असला तरी. प्रबोधनाच्या चित्रकारांनी ते बदललं. जो जवळ तो मोठा, जो लांब तो लहान. बघणारा कुठं उभा आहे ते आधी ठरवायचं आणि तिथून जे दिसतं ते काढायचं. मॅडमनी आम्हाला कॉलेजच्या गेटबाहेर नेलं आणि रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जाऊन कशा मिळतात ते दाखवलं. मी तिथं उभी राहून आपल्या गावाचा विचार करत होते. आपल्याकडे अजून जुन्या पद्धतीनंच चित्र काढतात.

आता ती गोष्ट. तुला माहीत आहे, पण तुला तुझ्या बाजूनं माहीत आहे. मी माझ्या बाजूनं लिहिते.

मे महिन्यात आमचं शेततळं खोदत होते. तुझे बाबा, संघपाल काका, तेव्हा सालानं आमच्याकडे कामाला, सहावं वर्ष. जेसीबीच्या दातांचा आवाज बदलला तो फक्त त्यांना ऐकू आला. त्यांनी हात वर केला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "थांब बे, गोटा वेगळा वाजला." मग स्वतः खड्ड्यात उतरले. आपण दोघी डबा घेऊन आलो होतो. तीन तास ते खुरप्यानं आणि बोटांनी माती काढत होते, आणि प्यायच्या कॅनमधलं पाणी त्यांनी त्या दगडावर ओतलं. तेव्हा ती बाई दिसली. एका पायावर उभी, दुसरा पाय वर घेतलेला, मान खाली. आमचे बाबा म्हणाले, देवी आहे. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गोपालभाऊ, बाई पायातला काटा काढून राह्यली." सगळे हसले, बाबाही हसले. मी फोटो काढला तो तेव्हाच. मग शेजारची गोजरबाई कुंकू घेऊन आली, आणि बाबांनी सांगितलं की आता कोणी फोटो काढायचा नाही, बाहेर बोलायचं नाही, शेताच्या कडेला रस्त्यावर मंदिर बांधू. तिला गोठ्यात नेऊन मेनकापडाखाली ठेवलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकारी जीप आली. तलाठी, पोलीसपाटील, पुरातत्त्व खात्याचे दोघं. जमिनीत अशी जुनी वस्तू सापडली तर कळवावी लागते, तुम्ही तीन महिने लपवली, असं ते बाबांना सगळ्यांसमोर म्हणाले. पंचनामा झाला. बाबांनी सही केली तेव्हा त्यांची मान मी पहिल्यांदा तशी पाहिली. बाई गाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं की जुलैच्या शेवटी संघपाल मेहकरच्या तहसीलमध्ये दिसला होता. तेवढं पुरलं. तुझ्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला तुम्ही दोघं गेला होता, हे कोणी विचारलं नाही. पारावर बाबा म्हणाले, "यायले घरातलं समजूच नाई." 'याले' म्हणाले असते तर ते एकट्या काकांबद्दल झालं असतं. ते 'यायले' म्हणाले. तो फरक तुला तिथंच ऐकू आला असेल. मला फार उशिरा ऐकू आला.

काकांचं साल मधेच तुटलं. त्यानंतर दुसऱ्या कोणीही त्यांना निंदणाला, फवारणीला बोलावलं नाही. कोणी ठरवून केलं असंही म्हणता येत नाही, सगळ्यांनी नुसतं बोलावलं नाही.

आणि तू आमच्या दारात आलीस. ओसरीत बाबा होते, आई होती. तू मलाच विचारलंस, "राखी, तुले तं माहीत हाय ना, माह्या बाबानं नाई सांगतलं?"

मी म्हटलं, "मले काय माहीत."

 चप्पल घालायला तुला वेळ लागला, कारण पट्टा तुटलेला होता.

आता कोणी सांगितलं ते शोधून काय होणार, असं मी स्वतःला म्हणते. नोट्स जपून ठेव.

राखी


जानेफळ
८ डिसेंबर २०२४

धम्मशीला,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. शोधायची गरज नाही. मी सांगितलं.

तीनदा कागद बदलला. आता खाडाखोड न करता लिहिते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तू ज्या दिवशी वर्गात नव्हतीस, म्हणजे ज्या दिवशी तू आणि काका तहसीलमध्ये रांगेत उभे होता, त्याच दिवशी मॅडमनी एक गोष्ट सांगितली. इसवी सन पंधराशे सहा. रोममध्ये एका द्राक्षमळ्यात खोदताना एक मूर्ती निघाली. एक बाप, दोन मुलं, आणि तिघांना सापांनी घातलेला विळखा. दीड हजार वर्षांपूर्वीचं काम. शहरातले चित्रकार, शिल्पकार धावत बघायला आले. त्यांनी तिची पूजा केली नाही. त्यांनी ती बघितली. पोटाचा स्नायू कसा ताणला जातो, मान कशी वळते. मॅडम म्हणाल्या, मातीतून जुना दगड निघणं ही नवी गोष्ट नव्हती, शेतकऱ्यांना असे दगड नेहमीच सापडायचे आणि ते भिंतीत घालायचे किंवा जाळून चुना करायचे. नवं होतं ते बघणं.

 तास संपल्यावर मी मोबाईल काढून मॅडमना आपल्या बाईचा फोटो दाखवला. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. रोमच्या मळ्यासारखं आमच्या मळ्यातही निघालं, हे सांगायचं होतं. मॅडम फोटोकडे खूप वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "राखी, हे कळवावं लागेल. ही गोठ्यात राहिली तर एक तर शेंदराखाली जाईल नाही तर चोरीला जाईल. तू कळवतेस की मी कळवू?"

मी म्हटलं, "तुम्ही कळवा. माझं नाव येऊ देऊ नका."

त्यांनी तसंच केलं. त्यांच्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोटो पाठवला, गाव सांगितलं, नाव सांगितलं नाही.

कळवलं याचं मला अजून वाईट वाटत नाही. ते बरोबरच होतं असं मला वाटतं. पण माझं नाव मी काढून घेतलं तेव्हा तिथं एक जागा रिकामी झाली, आणि गावानं ती भरली. रिकामी जागा कोणाच्या नावानं भरली जाईल हे मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं आपण एका बाकावर बसतो. मला कळायलाच हवं होतं. कदाचित कळलंही होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहून पाहिलं.

त्या रोमच्या मूर्तीचं पुढं काय झालं ते मॅडमनी नंतर सांगितलं. बापाचा उजवा हात खांद्यापासून तुटलेला होता. शिल्पकारांनी अंदाजानं नवा हात बसवला, आभाळाकडे सरळ ताणलेला. फार रुबाबदार दिसायचा. लोक तो हात बघून चित्रं शिकले. चारशे वर्षांनी रोममध्येच एका पाथरवटाच्या आवारात खरा हात सापडला. तो सरळ नव्हता. कोपरात वाकून डोक्यामागं गेलेला होता. चारशे वर्षं सगळ्यांनी चुकीचा हात खरा मानला, कारण तो नीट बसला होता.

तुझे बाबा आमच्या गोष्टीत फार नीट बसले. त्यांना तहसीलमध्ये पाहिलेलं होतं. आणि ते तुझे बाबा होते, तुमच्या वस्तीतले. एवढं पुरलं.

आणखी एक. रोमच्या त्या मळ्याच्या मालकाचं नाव पुस्तकात आहे. ज्याची कुदळ लागली त्याचं नाही. आमच्या पंचनाम्यातही मी पाहिलं. 'गोपाल पुंजाजी यांच्या शेतात खोदकाम करताना आढळली.' कोणाला आढळली ते लिहिलेलं नाही.

मी काय करू ते तुला विचारत नाही. तुला विचारणं म्हणजे तुझ्यावरच टाकणं होईल.

राखी


जानेफळ
२९ डिसेंबर २०२४

धम्मशीला,

बाबांना सांगितलं.

ते शेततळ्यावर हरभऱ्याला पाणी द्यायला मोटर सुरू करत होते. घरी मला जमलं नसतं. मी म्हटलं, "बाबा, बाईचा फोटो मी दाखवला होता."

"कोनाले?"

"कॉलेजच्या मॅडमले."

"कवा?"

"जुलैमंदी."

त्यांनी चालू मोटर बंद केली. पाइपातलं पाणी उलटं तळ्यात जायचा आवाज आला. बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "संघपाल धा वेळा म्हने, मी नाई सांगतलं भाऊ. धा वेळा."  मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

शेवटी म्हणाले, "घरात सांगतलं ना तू. आता घरातच राहू दे. पाडव्याले नवं साल सुरू होते, तवा मी त्याले बलावून घेतो. दोन पोते जास्तीचे देईन. त्याचंई भलं होईन. लोकायपाशी बोलाचं काम नाई."

"आन् लोक म्हनतात ते?"

"लोक इसरतात. लोकायले काय सांगू मी? माह्याच पोट्टीनं मले खाली पाह्याले लावलं?"

खोटं सांगत नाही, धम्मशीला, मला ते पटलं होतं. दोन दिवस मी हलकी होते. काका परत येतील, तू परत येशील, कोणालाच काही होणार नाही. मी मनात तुझ्या खिडकीच्या जागेपर्यंत जाऊन आले.

मग मॅडमना सांगितलं. त्यांना काकांचं काहीच माहीत नव्हतं. तू कॉलेज का सोडलंस तेही त्यांना तेव्हाच कळलं. त्या स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढला. म्हणाल्या, "तू नाव लपवायला सांगितलंस, मी लपवलं. मला वाटलं मी तुला वाचवते आहे. त्याचा भार दुसऱ्या कोणावर पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी इतिहास शिकवते." मग म्हणाल्या, "मी येते तुमच्या गावात, मी सांगते." मी नको म्हटलं. मॅडमनी सांगितलं तर ते पुन्हा मॅडमचंच होईल.

आईला रात्रीची भांडी घासताना सांगायला गेले तर ती म्हणाली, "मले माहीत होतं." मी विचारलं, कसं. "ती पोरगी दारातून गेली तवापासून तू तीन दिवस जेवली नाई. मी काऊन म्हनून इचारलं नाई. इचारलं असतं तं तू सांगतलं असतं." तिनं राखेचा हात धुतला नाही, तशीच उभी राहिली. "आता बोलून काय होनार, राखी? तुह्या लग्नाले आडवं येईन हे. पोरगी बापाच्या उलटी गेली म्हनतीन."

मी विचार करते आहे. काका पाडव्याला परत आले तर गाव म्हणेल, गोपालभाऊंनी मोठ्या मनानं चुगलखोराला माफ केलं. तोच चुकीचा हात तसाच राहील, फक्त आता त्याला सोन्याचा मुलामा.

या महिन्यात नोट्स फार नाहीत. एकच पान आहे, वैद्यकाचं. तेव्हा वैद्यकशाळेत प्राध्यापक उंच खुर्चीवर बसून जुनं पुस्तक वाचायचे आणि खाली न्हावी प्रेत कापायचा. पुस्तकात एक लिहिलेलं आणि प्रेतात दुसरंच, तरी पुस्तकच खरं धरायचे, कारण खुर्चीवरून खालचं दिसायचंच नाही. मग एक जण खुर्चीवरून उतरला आणि त्यानं स्वतः हात घातला. मॅडम म्हणाल्या, सगळं प्रबोधन म्हणजे थोडंफार हेच.

राखी


जानेफळ
३० जानेवारी २०२५

धम्मशीला,

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामपंचायतीसमोर ग्रामसभा होती. साठ-सत्तर माणसं असतील. बायका भिंतीकडे. नळयोजना झाली, घरकुलाची यादी झाली. सरपंच राजकुमारभाऊंनी विचारलं, आणखी कोणाचा विषय? मी उठले.

मी घरून वाक्य पाठ करून गेले होते. उठल्यावर ते सगळं पुस्तकी वाटायला लागलं, म्हणून मी आपल्या भाषेत बोलले. "शेततळ्यात मूर्ती निघाली होती, ते सरकारले कोनं कळवलं ते मले सांगाचं हाय. मी कळवलं. फोटो माह्या मोबाईलमदला होता. संघपाल काकाचा त्याच्याशी काई संबंध नाई. ते तहसीलले पोरीचा दाखला काढाले गेले होते. मले हे तवाच माहीत होतं आन् मी बोलली नाई."

राजकुमारभाऊ म्हणाले, "पोरी, हा विषय अजेंड्यावर नाई. बस खाली."

मी म्हटलं, "इतिवृत्तात लिहा, मंग बसते."

ग्रामसेवक माझ्याकडे बघत होते, मग सरपंचांकडे, मग पेन उघडलं. "काय लिहू?" मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. मी जाऊन वाचलं. ते वाक्य इथं उतरवते: 'कु. राखी गोपाल यांनी सभेस निवेदन केले की मूर्तीबाबत माहिती त्यांनी स्वतः दिली असून संघपाल यांचेवरील आरोप खोटा आहे. तसेच सदर मूर्ती प्रत्यक्ष संघपाल यांनी शोधून हाताने बाहेर काढली.' शेवटचं वाक्य मी मागाहून घालायला लावलं.

 मग भिंतीकडून बनाबाई म्हणाली, तीच जी काकांसोबत निंदायला असायची, "मंग संघपालले कामाले काऊन नाई बलावलं कोनी?" ती कोणा एकाला विचारत नव्हती. मी माणसांकडे पाहिलं. सगळे सारखेच दिसत होते, ना कोणी मोठं ना लहान. सगळ्यांच्या माना खाली.

बाबा पहिल्या ओळीत होते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला आणि उठून गेले.

घरी काही झालं नाही. बाबा बोलत नाहीत, पण ते होणारच होतं. मी कॉलेजला थोडे दिवस जात नाहीये, थंडी फार आहे. सर्दीनं माझा डावा कान बसलाय, तिकडून ऐकू येत नाही, म्हणून घरात कोणी हाक मारली तर मला उशिरा कळतं. बाकी ठीक.

मॅडमनी त्या इतिवृत्ताची नक्कल पुरातत्त्व खात्याला पाठवली आहे, मूर्तीच्या नोंदीत शोधणाऱ्याचं नाव घालावं म्हणून. घालतील का माहीत नाही. मूर्ती अजून त्यांच्या गोदामात आहे.

या पत्रासोबत नोट्स नाहीत. प्रकरण संपलं. पुढचं धर्मसुधारणा आहे, ते मी ऐकलेलं नाही.

राखी


नांदुरा
१६ फेब्रुवारी २०२५

राखी,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पहिली तीन मी फोडली नव्हती, मामाच्या टीव्हीखाली ठेवली होती. चौथं आईनं फोडलं, कारण तिला वाटलं कॉलेजचं काही असेल. मग आधीचीही सगळी एकदम वाचली.

मी तुला माफ केलेलं नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज नको. माझं एक वर्ष गेलं. ते इतिवृत्तात नाही. आमच्या घराला कुलूप लावून आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या चार घरांशिवाय कोणी दारात उभं नव्हतं, तेही इतिवृत्तात नाही. मी तुला विचारायला आले तेव्हा मला उत्तर नको होतं. बाबानं सांगितलं नाही हे मला माहीतच होतं. मला फक्त बघायचं होतं तू माझ्या बाजूला उभी राहतेस का. ते मी बघितलं.

नोट्स चांगल्या आहेत. एक दुरुस्ती सुचवते. मोठ्या मानाच्या माणसाला मोठं काढायची पद्धत तू लिहिलीस ना, ती तुझ्या पत्रांतही आहे. पाच पत्रांत तू पानंच्या पानं आहेस, तुझं मन, तुझा तीन दिवसांचा उपास. आमचे बाबा तुझ्या अंगणात, खड्ड्यात, तहसीलमध्ये येऊन जातात. ते इथं आल्यावर दीड महिना कोणाशी बोलले नाहीत, हे तुला कळायला मार्ग नव्हता, पण तू एकदाही विचारलं नाहीस की ते कसे आहेत. आता बरे आहेत. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. परत येणार नाहीत, पाडव्यालाही नाही, दोन पोत्यांसाठीही नाही. हे तुझ्या बाबांना सांग किंवा सांगू नकोस.

मी यंदा ऑक्टोबरात बाहेरून फॉर्म भरणार आहे. धर्मसुधारणेचं प्रकरण मॅडमकडून मी स्वतः मागवीन.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. मी लिहिणारच नव्हते. तुझी पत्रं बाबांना वाचून दाखवली. ते कापसाच्या धुळीनं माखलेले, दारातच बसून ऐकत होते. ग्रामसभेचं पान त्यांनी मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मला वाटलं, ते इतिवृत्तातलं वाक्य ऐकायचंय, त्यांच्या नावाचं. मी ते वाचलं. ते म्हणाले, "ते नाई, त्याच्या खालचं वाच. कानाचं." मी वाचलं. बाबा म्हणाले, "सर्दीनं बसले तं दोन्ही कान बसतात. एक नाई बसत." आणि थोड्या वेळानं, "त्या पोट्टीले मारलं का गोपालभाऊनं?"

मी म्हटलं, मला काय माहीत. आणि म्हटल्यावर मलाच कसं तरी झालं.

तेव्हापासून ते रोज कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी विचारतात, राखीचं काई आलं का? मी सांगते, नाही. अजून मी तुला विचारलंच नव्हतं, हे त्यांना सांगितलेलं नाही.

म्हणून विचारते. डॉक्टरला दाखवलं का? ऐकू येतं का आता? त्यांनी मारलं का?

बाबांना वाचून दाखवायचं आहे. खरं लिही.

धम्मशीला